डेव्हिड हार्वेने भूगोल मोठा केला की भूगोल सोडला?

सह्यकडा:
परवा सेमिनारला एक सीनियर सर म्हणाले, हार्वे १९६९ पर्यंत भूगोलतज्ज्ञ होता, नंतर नुसता मार्क्सचा भाष्यकार झाला. तेव्हा गप्प बसलो पण डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतोय. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जन्म १९३५, इंग्लंडमधल्या केंटचा. केंब्रिजला पीएचडी केली तीपण केंटच्याच १९व्या शतकातल्या शेतीवर, बिअरला लागणाऱ्या हॉप्सची लागवड वगैरे. मग ब्रिस्टलला शिकवताना भूगोल शास्त्र म्हणून कसा करायचा यावर जाडजूड ग्रंथ, 'एक्सप्लनेशन इन जिऑग्रफी', तो आला १९६९ ला आणि त्याच वर्षी हा अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेला. मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येनंतर ते शहर पेटलं होतं त्याला जेमतेम वर्ष झालेलं. १९७३ ला 'सोशल जस्टिस अँड द सिटी' आलं, त्यात शहरातल्या अन्यायाकडे मार्क्सच्या नजरेतून बघितलं होतं, तेव्हा लोकांना वाटलं हा कोणी दुसराच माणूस आहे. मला वाटतं फक्त प्रश्न बदलला, अभ्यासाची शिस्त तीच राहिली.

नकाशावाला:
असहमत. तुमचे सर बरोबर बोलले. मी १४ वर्षं जीआयएसमध्ये आहे, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागेची माहिती जोडून विश्लेषण करायचं काम, त्यात हार्वे एकदाही लागला नाही आणि भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टोब्लर रोज लागतो. १९७० मध्ये डेट्रॉइटच्या वाढीचं मॉडेल मांडताना टोब्लरने म्हटलं की सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो पण जवळच्याचा लांबच्यापेक्षा जास्त. दोन पर्जन्यमापकांच्या मधल्या गावात किती पाऊस पडला असेल हे आम्ही त्याच भरवशावर काढतो. मी याला प्रभाव म्हणतो. हार्वेच्या मागे लागून पोरांनी मोजणंच सोडलं, माझ्याकडे येणाऱ्या प्रबंधांत पानोपानी नवउदारमतवाद (सगळं बाजारावर सोडायचं धोरण) असतो आणि नकाशा एक नसतो.

सह्यकडा:
मोजणं सोडलं हा आरोप हार्वेवर नका करू दादा. लता चॅटर्जींबरोबरचा १९७४ चा पेपर बघा. बाल्टिमोरचे भाग पाडले आणि कुठल्या भागात घर घ्यायला पैसा कुठून येतो ते आकड्यांत मांडलं, म्हणजे रोख किती, बँकेचं किती, सरकारी हमीचं कर्ज किती. जुन्या गरीब वस्तीत बँका जवळजवळ नाहीतच. पश्चिम बाल्टिमोरच्या काळ्या वस्तीत कर्ज मिळेना म्हणून लोक हप्त्याच्या करारावर घर घ्यायचे, म्हणजे सटोडिया घर विकत घेणार, किंमत चढवून हप्त्याने देणार आणि बरेच हप्ते फिटेपर्यंत कागद त्याच्याच नावावर. गरीब वस्ती गरीब का राहते याचं उत्तर त्या तक्त्यातच दिसतं. याला भूगोल नाही तर काय म्हणायचं?

मीनल_के:
बाल्टिमोरचं काम मलापण आवडतं, पण पुढच्या हार्वेबद्दल माझी खरी तक्रार आहे. १९८९ च्या 'द कंडिशन ऑफ पोस्टमॉडर्निटी'त तो म्हणतो जग आकसतंय, अंतर आणि वेळ दोन्ही कमी होतायत. डोरीन मॅसी पण भूगोलतज्ज्ञच, तिने १९९१ मध्ये त्या पुस्तकावर कडक लेख लिहिला की यात 'आपण' म्हणजे गृहीत धरलेला गोरा पुरुष आहे आणि बायकांचा अनुभव जागेवरच नाही. तिचा मुद्दा मला लगेच पटला कारण माझी आई २२ वर्षं डोंबिवलीहून लोकलने फोर्टला गेली, घरी येऊन कुकर लावला, तिच्यासाठी कुठलं अंतर कमी झालं? हार्वेने नंतर उत्तर दिलं, पण मला ते पुरेसं वाटलं नाही.

लालबागचा_जुना:
मीनलताईंशी सहमत, तरी हार्वेची बाजू घेतो. वडील गिरणीत होते, ८२ च्या संपानंतर घरी बसले ते बसलेच. शहरावरच्या हक्काबद्दल हार्वेने २००८ मध्ये लिहिलं त्यात धारावी आहे, की जमिनीची किंमत वाढली की गरिबाला तिथून उठवायचा दबाव वाढतो. लुबाडून संचय, म्हणजे लोकांच्या हातातलं काढून घेऊन भांडवल वाढवणं, ही त्याची कल्पना वाचली तेव्हा आमच्या चाळीसमोरचा टॉवर कुठून आला ते पहिल्यांदा नीट कळलं, तोपर्यंत वाटायचं आमचंच नशीब फुटकं.

नकाशावाला:
दादा, तुमच्या घरच्या गोष्टीपुढे मी काय बोलणार. पण माझी शंका इथेच आहे. १९९१ चा नियम होता की गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे, पालिका, म्हाडा आणि मालक. २००१ मध्ये तो बदलून फक्त मोकळी जमीन वाटायची ठरली, त्यामुळे बांधकामाखालची सगळी मालकाकडे राहिली आणि २००६ ला सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. टॉवर त्या बदलाने आला. हार्वेची कल्पना बाल्टिमोरला लागते, लालबागला लागते, सगळीकडेच लागते, मग कुठलं कलम कोणी बदललं हे शोधायला पोरं जातच नाहीत. १९७४ चा पेपर मी वाचलेला नाही, तो तुम्ही म्हणता तसा असेल तर त्या हार्वेशी माझं भांडण नाही.

सह्यकडा:
पाठवतो. हे कलम शोधणं पटलं, पुढच्या सेमिनारला बाल्टिमोरचा तक्ता आणि २००१ चा बदल शेजारी शेजारी ठेवणार आहे. लालबागचे दादा, चाळीचे जुने फोटो असतील तर द्याल का?