एडिसनहून एका दिवसात फॉल कलर्स: सोबत आईबाबा आणि स्ट्रोलर

पिंपळपान_एनजे

नमस्कार मंडळी,

आईबाबा भारतातून आलेत, ऑक्टोबर संपता संपता परत जातील. त्याआधी त्यांना फॉल कलर्स, म्हणजे पानगळीआधी रंगलेली झाडं, नीट दाखवायचीत. मुक्काम नको, पहाटे निघून रात्रीच्या जेवणाला न्यू जर्सीतल्या एडिसनला परत. बाबा सपाटीवर तासभर आरामात चालतात. आईच्या गुडघ्यांना चढ चालतो, उतार चालत नाही. लेक तीन वर्षांची, म्हणजे स्ट्रोलर आलाच.

कोलंबस डेचा (ऑक्टोबरातला दुसरा सोमवार) लाँग वीकेंड आणि त्यापुढचे दोन शनिवार मोकळे आहेत. शिवाय मधल्या वारी एक सुट्टी टाकता येईल.

१. कुठल्या आठवड्यात कुठे जावं?
२. न्यूयॉर्क राज्यातली उद्यानं: बेअर माउंटन की मिनेवास्का? दोन्हीकडे पार्किंग मिळत नाही असं ऐकलंय, ते कितपत खरं?
३. न्यू हॅम्पशायरचा कॅंकमॅगस हायवे एका दिवसात जमेल का? बाबांनी व्हिडिओ पाहून ठेवलाय.

---

रानवाटा

तिसऱ्याचं उत्तर आधी: नाही. एडिसनहून हायवेच्या टोकाच्या लिंकन गावापर्यंत एका बाजूला साडेपाच तास लागतात, तेही वाटेत कुठे अडकला नाहीत तर. प्रत्यक्ष कॅंकमॅगस जेमतेम साडेचौतीस मैलांचा. त्यासाठी अकरा तास गाडीत बसवलंत तर आईबाबा रंग कमी आणि सीटबेल्टच जास्त बघतील. तिकडचा बहर सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो, तो दोन मुक्काम हाताशी असतील तेव्हाच.

आता पहिला प्रश्न. बहुतेक लोक जागा आधी ठरवतात आणि तारीख नंतर, मग पाटी कोरी निघाली की हवामानाला बोल लावतात. तारीख हातात असेल तर तिच्यावरून उंची ठरवा. रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि डोंगरमाथ्यावरून दरीत उतरत येतो. साधारण वर्षी असं:

कॅट्सकिल्स: ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा.
मिनेवास्का आणि शावनगंकचा सगळा कडा: अंदाजे १० ते २० ऑक्टोबर.
डेलावेअर वॉटर गॅप: मध्यापासून चौथ्या आठवड्यापर्यंत.
हॅरिमन (बेअर माउंटनला लागूनचं उद्यान) आणि बेअर माउंटन: अंदाजे १८ ते २८.
आपलं मिडलसेक्स, वॉचंग, साउथ माउंटन: ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा.

यात चार-पाच दिवस इकडेतिकडे होतात. न्यूयॉर्क राज्याच्या पर्यटन खात्याचा साप्ताहिक रंग-अहवाल बुधवारी येतो, त्यात भागवार टक्केवारी असते. बुधवारी तो बघून शनिवारचा बेत पक्का करा. मात्र टक्केवारी वाचताना घोटाळा होतो. ती किती पानांनी रंग बदलला हे सांगते, किती पानं झाडावर उरलीत ते नाही. ९० टक्क्यांच्या पुढे गेलेल्या जागी एक वादळी पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी नुसत्या काटक्या. मला विचाराल तर ६० ते ८० टक्के सगळ्यात देखणं: थोडं हिरवं मागे असलं की लाल उठून दिसतं.

आणखी एक. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हरितद्रव्य ओसरलं की तो दिसू लागतो. लाल मात्र झाड त्याच दिवसांत नव्याने बनवतं, पानात साठलेल्या साखरेपासून. त्याला दिवसा स्वच्छ ऊन लागतं आणि रात्री गारठा, पण गोठणबिंदूच्या वरचा. त्यामुळे ऑक्टोबर ढगाळ आणि उबदार गेला तर पिवळा छान येतो, लाल मात्र फिका पडतो. उन्हाळा कोरडा गेला तर पानं कडेने करपतात आणि रंगायच्या आतच गळतात.

---

हडसनकाठ

वरच्या तक्त्याप्रमाणे तुमचा शेवटचा शनिवार बेअर माउंटनसाठी बरोबर बसतो. पार्किंगचं ऐकलंत ते खरं आहे. गाडीमागे १० डॉलर, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या वीकेंडना तिथे ऑक्टोबरफेस्ट असतो, त्यामुळे अकरानंतर पार्किंगच्या अलीकडच्या सर्कललाच गाड्या तुंबतात. जाण्याचा क्रम उलटा लावलात तर हे टाळता येतं.

सहा-सव्वासहाला निघा. गार्डन स्टेट पार्कवेने थेट वर, तो संपतो तिथे न्यूयॉर्क थ्रूवेवर (आय-८७) पूर्वेकडे थोडं जाऊन एक्झिट १३ ला पालिसेड्स पार्कवे नॉर्थ. आठपर्यंत बेअर माउंटनला पोचता. गाडी लावा, आधी हेसियन लेकच्या काठाने चाला. रस्ता डांबरी आहे, स्ट्रोलर सुरळीत जातो. पूर्ण फेरी नको असेल तर पूर्वेच्या काठाने जा आणि तसेच परत या, तो भाग जास्त सपाट. त्या वेळी पाणी स्थिर असतं, वारा सुटायच्या आत प्रतिबिंब मिळतं. स्वच्छतागृह इथेच उरकून घ्या, पुढे भरवसा नाही.

लेकीसाठी शेजारचं छोटं प्राणिसंग्रहालय आहे. ॲपलाचियन ट्रेल त्याच्या आतून जातो, आणि जॉर्जियापासून मेनपर्यंतच्या अख्ख्या वाटेतला सगळ्यात कमी उंचीचा बिंदू तिथेच आहे. याच ट्रेलचा पहिला तुकडा १९२३ साली इथून हॅरिमनच्या बाजूला खुला झाला. बाबांना असल्या गोष्टी आवडत असतील तर सांगा.

अकराच्या आत तिथून निघा आणि सेव्हन लेक्स ड्राइव्हवरून पर्किन्स मेमोरियल ड्राइव्हला वळा. गाडी थेट माथ्यावर जाते, सुमारे १,३०० फूट. आईंना पायऱ्या नाहीत, उतार नाही. खाली हडसन, आणि हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला मॅनहॅटनच्या इमारती बारीक दिसतात. रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, कोणाला गाडी लागत असेल तर त्याला पुढे बसवा.

मग परत सेव्हन लेक्स ड्राइव्हवर येऊन हॅरिमनमधून लेक टिओराटी, पुढे कानावॉकी, सिबॅगो असं करत स्लोट्सबर्गला बाहेर पडा. डबा टिओराटीच्या काठावर. तिथून रूट १७ साउथ आणि मग २८७ ने घरी. दुपारी सगळी गर्दी पालिसेड्सवरून बेअर माउंटनकडे येत असते, तुम्ही मागच्या दाराने बाहेर.

हॅरिमनमध्ये मुख्यत्वे ओक आहे. ओक शेवटी रंगतो, आणि तोही तांबूस-तपकिरी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भडक लाल शोधत बसाल तर निराशा होईल. लाल हवा असेल तर तळ्यांचे काठ बघा, ओलसर जागेत रेड मेपल आणि ट्युपेलो असतात. म्हणून प्रत्येक तळ्यापाशी दहा मिनिटं थांबायचंच.

---

रानवाटा

पर्किन्सबद्दल थोडा मतभेद. माथ्यावरून नदी पूर्वेला आहे. सकाळी सूर्य समोर असतो, त्यामुळे पलीकडचे डोंगर धुरकट दिसतात. दोननंतर ऊन पाठीमागून येतं आणि पलीकडच्या उतारांवर पडतं, तेव्हा रंग खुलतो. फोटो महत्त्वाचे असतील तर पर्किन्स दुपारीच.

---

हडसनकाठ

रंगाचं म्हणणं मान्य. पण ऑक्टोबरच्या शनिवारी दुपारी दोनला माथ्यावर गाडी लावायला जागा मिळायची मारामार. मधल्या वारी जाणार असाल तर रानवाटांचं ऐका, शनिवारी माझं.

---

शेवंता

आईबाबांना एकच जागा दाखवायची असेल तर मी मिनेवास्का म्हणेन, आणि तुमची ती एक सुट्टी तिथेच खर्च करा. मधल्या आठवड्यातला मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार.

बेअर माउंटनला झाडं आणि नदी. मिनेवास्काला पांढऱ्या खडकाचे कडे, मधोमध निळंहिरवं तळं, कड्यांवर पिच पाइनचा गडद हिरवा आणि त्याखाली हकलबेरी-ब्लूबेरीची झुडपं लालभडक. मेपलची पानं वाऱ्याने गेली तरी गुडघाभर उंचीचा हा लाल रंग आणखी काही दिवस टिकतो, म्हणून तारीख थोडी चुकली तरी फेरी वाया जात नाही.

एडिसनहून दोन तास धरा: २८७, मग आय-८७ ने न्यू पाल्ट्झचा एक्झिट १८, रूट २९९ ने पश्चिमेला, टोकाला उजवीकडे ४४/५५. हेअरपिन वळण घेऊन वर चढलात की फाटक. गाडीमागे १० डॉलर. फाटक ९ ला उघडतं. शनिवारी जायचंच झालं तर आठ-सव्वाआठला रांगेत हवं. पार्किंग भरलं की रेंजर सरळ परत पाठवतात, आणि ४४/५५ च्या कडेला गाडी लावता येत नाही. "कोणीतरी निघेल, थांबू" हा बेत इथे चालत नाही.

वरच्या पार्किंगपासून तळं जवळच आहे. तळ्याभोवतीची फेरी सुमारे दोन मैल, जुन्या घोडागाड्यांच्या रुंद वाटेने. वाट खडीची आहे, छत्रीच्या दांड्यासारखा मिटणारा हलका स्ट्रोलर तिथे रुततो. मोठ्या चाकांचा असेल तर आणा, नाहीतर पाठीवरचं कॅरियर. फेरीत चढउतार आहेत. आईंनी पूर्ण फेरी मारायची गरज नाही, पार्किंगच्या बाजूच्या काठावरूनच पांढरे कडे समोर दिसतात. अवॉस्टिंग फॉल्सची वाट रुंद आणि सोपी दिसते, पण खालच्या पार्किंगपासून ती उतरत जाते. आईंच्या गुडघ्यांसाठी नकोच.

सगळ्यात महत्त्वाचं: वाट काही ठिकाणी कड्याच्या अगदी जवळून जाते आणि कठडे नाहीत. तीन वर्षांच्या मुलीचा हात सोडायचा नाही, आणि "अजून जरा मागे सरक" म्हणत फोटो काढायचा नाही.

पार्किंग हुकलं तर तसंच उलट येऊन २९९ ने नदीकडे जा, पकिप्सीचा वॉकवे ओव्हर द हडसन. जुना रेल्वेपूल, २००९ पासून फक्त चालणाऱ्यांना आणि सायकलींना खुला. लांबी १.२८ मैल, पाण्यापासून २१२ फूट उंच, पूर्ण सपाट, काँक्रीटचा, स्ट्रोलरला आणि व्हीलचेअरलाही उत्तम. दोन्ही काठांचा रंग वरून दिसतो. खरं तर गुडघ्यांचा विचार केला तर हा पहिलाच पर्याय ठेवायला हरकत नाही. फक्त वारा सोसाट्याचा असतो, कानटोपी हवीच.

परतताना न्यू पाल्ट्झच्या मेन स्ट्रीटवर वीकेंडला दुपारी तीननंतर सफरचंदवाल्यांची आणि रंगवाल्यांची गाठ पडते, गाडी हलत नाही. ४४/५५ ने गार्डिनरवरून मोडेना, तिथून रूट ३२ ने न्यूबर्ग आणि एक्झिट १७ ला थ्रूवे. नकाशावर लांब दिसतं, पण गाडी चालती राहते.

---

पिंपळपान_एनजे

खूपच उपयोगी, धन्यवाद! कपडे, खाणं आणि लहान मुलीच्या दृष्टीने आणखी काय लक्षात ठेवू? आणि कोलंबस डेचा वीकेंड मग फुकट घालवायचा का?

---

गवतफुला

कोलंबस डेच्या वीकेंडला कॅट्सकिल्स रंगात असतं, पण काटर्सकिल फॉल्सच्या रूट २३ए वर जे होतं त्याला गर्दी म्हणणंही सौम्य. अरुंद रस्ता, एका बाजूला दरी, आणि लोक कडेने चालतायत. धबधबा २६० फुटांचा, दोन टप्प्यांत पडतो, देखणा आहे. पण स्ट्रोलर आणि गुडघे घेऊन त्या शनिवारी नको. त्यापेक्षा हाय पॉइंट स्टेट पार्क, न्यू जर्सीचं सगळ्यात उंच टोक, १,८०३ फूट. लेबर डे उलटला की प्रवेशशुल्क नसतं, गाडी स्मारकाजवळपर्यंत जाते, तीन राज्यं दिसतात, आणि उंचीमुळे आपल्या राज्यात रंग तिथे लवकर येतो.

कपडे: दर हजार फुटांना तापमान ३ ते ५ अंश फॅरेनहाइटने उतरतं, वारा वेगळा. एडिसनला ६० असेल तर मिनेवास्काच्या कड्यावर पन्नाशीची तयारी ठेवा. आईंना साडी नेसायची असेल तर आत थर्मल, पायात मोजे आणि स्पोर्ट्स शूज. चपला अजिबात नकोत. ओली पानं निसरडी असतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण कोरड्या पानांखालचे ओकचे एकॉर्न जास्त दगा देतात, उतारावर पाय गोल फिरतो. आईंना एक ट्रेकिंग पोल द्या, उतरताना उंची थोडी वाढवून.

गोचीड: थंडी पडली म्हणजे संपल्या असं नाही. लाइम रोग पसरवणाऱ्या हरणगोचिडीची प्रौढ अवस्था ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच जोरात असते, आकाराने तिळाएवढी. लेकीला पानांच्या ढिगात उड्या मारायच्या असतील तर जंगलाच्या कडेच्या ढिगात नको, कापलेल्या हिरवळीवरच्या चालतील. फिक्या रंगाची पँट, ती मोज्यात खोचलेली. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांच्या मुळाशी तपासायचं. चिकटलेली दिसली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल, व्हॅसलिन, काडी लावणं हे काही करायचं नाही.

खाणं: ठेपले, तिखटमिठाच्या पुऱ्या, दहीभात छोट्या डब्यात, थर्मासभर चहा. मायक्रोवेव्ह लागेल असं काही नको. अस्वलं आहेत, डबे टेबलावर उघडे टाकून फिरायला जाऊ नका आणि खरकटं गाडीतून घरी आणा. कोळशाची शेगडी नेणार असाल तर आदल्या दिवशी आगीचे निर्बंध बघा. २०२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत पाऊस जवळजवळ पडलाच नाही आणि नोव्हेंबरात ग्रीनवुड लेकच्या बाजूला मोठा वणवा पेटला होता. असल्या वर्षी उघड्यावर पेटवायला बंदी असते.

हॅरिमनमध्ये फोनला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. नकाशा घरून निघतानाच ऑफलाइन उतरवून घ्या. ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, पण दरीत ऊन तासभर आधीच जातं. चारला गाडीकडे परत फिरायचं धरा.

---

फलाट_क्रमांक_दोन

गाडी नसलेल्या कोणी हा धागा वाचत असेल तर: ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थची हडसन लाइन, कोल्ड स्प्रिंगला सव्वा तासाच्या आसपास. जाताना डाव्या बाजूला बसा, नदी सगळी तिकडेच. स्टेशनातून उतरून मेन स्ट्रीटच्या टोकाला काठावर गेलात की पलीकडे स्टॉर्म किंग डोंगर समोर उभा. ब्रेकनेक रिजला जायचा बेत नको, तिथली वाट आणि स्टेशन दोन्ही एप्रिल २०२५ पासून कामासाठी बंद केलंय, साधारण दोन वर्षांसाठी.

---

पिंपळपान_एनजे

ठरलं तर मग: कोलंबस डेच्या शनिवारी हाय पॉइंट, पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी मिनेवास्का, शेवटच्या शनिवारी हडसनकाठ यांच्या क्रमाने बेअर माउंटन. मधला शनिवार पावसासाठी राखीव. बुधवारी मिनेवास्काला ९ च्या आधी पोचायची गरज आहे का?

---

शेवंता

बुधवारी साडेदहा चालेल. पण आदल्या दिवशी उद्यानाच्या पानावर एखादी वाट बंद नाही ना ते बघा, आणि सकाळी न्यू पाल्ट्झमध्येच पेट्रोल भरून घ्या. वर काही नाही.