धडधाकट बाळाला प्रोबायोटिक ड्रॉप कशाला? आणि मातीत खेळू द्यायचं की नाही?

गंगापूररोडची आई
आमच्या नाशिकच्या सोसायटीतल्या आयांच्या ग्रुपवर सध्या एकच विषय चालूये, कुठले प्रोबायोटिक ड्रॉप, म्हणजे पोटासाठीच्या चांगल्या बॅक्टेरियांचे थेंब, चांगले. पोरं धडधाकट, वजन बरोबर, शी बरोबर, तरी ड्रॉप. माझं मत सरळ आहे, निरोगी बाळाला ह्याची काही गरज नाही. जन्मताना बाळाचं आतडं जवळजवळ कोरं असतं, मग आईकडून, दुधातून, घरातल्या माणसांच्या अंगाखांद्यावरून बॅक्टेरिया येत जातात आणि आपलं बस्तान बसवतात. आईच्या दुधात लॅक्टोज आणि फॅटच्या खालोखाल ज्या साखरा असतात ना त्या बाळाला पचतच नाहीत, त्या असतात बिफिडो जातीच्या बॅक्टेरियांच्या पोटापाण्यासाठी, म्हणजे आई एकाच वेळी बाळालाही पाजते आणि त्याच्या आतल्या पाहुण्यांनाही! वरचं खाणं सुरू झालं, दूध सुटत आलं की बिफिडोचं राज्य उतरतं, डाळ-भाजी-भाकरीतला चोथा खाणारे दुसरे येतात आणि साधारण तीन वर्षांचं होईपर्यंत पोट मोठ्या माणसासारखं होतं. २०१२ साली अमेरिका, मलावी आणि व्हेनेझुएलातल्या लोकांच्या शीचा अभ्यास आला होता, तिन्हीकडे हाच तीन वर्षांचा हिशोब निघाला. तर ह्या तीन वर्षांत पोराला अंगावरचं दूध द्या, घरचं खायला द्या, अंगणात मातीत लोळू द्या, आणि सर्दी झाली की अँटिबायोटिक देऊ नका. झालं.

निफाडचा बागाईतदार
ताई, मातीत लोळू द्या म्हणताय, पण कुठल्या मातीत? आमच्याकडं द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की काडीवरचे डोळे फुटायला, म्हणजे कोंब यायला, हायड्रोजन सायनामाइड ह्या रसायनाची पेस्ट लावतात, माणसं हातमोजे घालून लावतात, त्या दिवशी अंगाला लागलं तर खाज आग विचारू नका. पुढं मोरचूद-चुन्याचं बोर्डो आहे, पाऊस पडला की बुरशीनाशकाच्या फवारण्या आहेतच. मी माझ्या पोरीला हंगामात बागेत पाऊलसुद्धा टाकू देत नाही. परदेशात गोठ्यात वाढलेल्या पोरांना दमा कमी होतो असले लेख मीपण वाचलेत, ती गाईगुरांची शेतं आहेत ओ, द्राक्षाची नाही. आणि जंत? दरवर्षी १० फेब्रुवारीला अंगणवाडीत अल्बेंडॅझोलची गोळी काय हौस म्हणून देतात का? मातीतूनच येतात ते.

गंगापूररोडची आई
दादा बागेत सोडा कुठं म्हटलं मी? अंगण म्हटलं. जंताची गोळी द्यायचीच, एक ते दोन वर्षांच्याला अर्धी, दोनाच्या पुढं पूर्ण. पण इथं शहरात लोक पोराला फरशीवर ठेवत नाहीत, पाहुण्यांना उंबऱ्यातच सॅनिटायझर देतात, ते अतीच आहे.

सिडकोची मृदुला
माझं सिझर झालं. तेव्हापासून ज्याला त्याला मत द्यायचंय, "सिझरची पोरं ना, पोटाची नाजूकच." ऐकून कान किटले. इमर्जन्सीत बाळाचे ठोके खाली आले होते तेव्हा मी काय डॉक्टरला सांगायचं होतं का की थांबा, नॉर्मल होऊन बाळाला वाटेतले बॅक्टेरिया मिळू देत आधी? तुमच्यासारख्या पोस्टनी आयांचा जीव अजून टांगणीला लागतो, खरं सांगते.

प्रयोगशाळेतली
मृदुला, मी मायक्रोबायोलॉजीची आहे म्हणून लिहिते. फरक असतो, नाकारण्यात अर्थ नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या जवळपास ६०० बाळांचा अभ्यास आला, सिझरच्या बाळांमध्ये बॅक्टेरॉइड्स हा पोटातल्या बॅक्टेरियांचा गट फार कमी होता आणि हॉस्पिटलच्या वातावरणात आढळणारे एंटेरोकॉकस, क्लेब्सिएला जास्त. शिवाय सिझरच्या वेळी आईला अँटिबायोटिक देतात, त्याचाही हात असतो. पण वर्षाच्या आसपास हा फरक बराचसा बुजतो. आणि एक, कापसाचा बोळा आईच्या योनिमार्गातून फिरवून बाळाला पुसायचा जो प्रकार इंटरनेटवर फिरतोय तो कृपा करून घरी कुणी करू नका, त्यातून भलतंच इन्फेक्शन बाळाला जाऊ शकतं. तू अंगावर पाजलंस ना? मग निम्मी लढाई तिथंच जिंकलीस.

सिडकोची मृदुला
चार महिनेच. दूध कमी पडलं मग पावडर. आता ह्यावरपण बोला सगळे 🙏

नाशिकरोडचा बाबा
मी ड्रॉपच्या बाजूनं आहे आणि उगाच नाही. २०१७ चा ओडिशाचा अभ्यास वाचा, आपल्याच देशातला, खेड्यातली साडेचार हजारांवर नवजात बाळं, निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारम आणि त्याचं खाद्य अशी पुडी सात दिवस दिली, बाकीच्यांना नुसतीच दिसायला तशी पुडी. जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं. सात दिवसांच्या पुडीनं! मग गरज नाही, गरज नाही हे कशाच्या जोरावर चाललंय?

प्रयोगशाळेतली
दादा अभ्यास खराच भारी आहे, पण तुम्ही त्यातला निकाल उचलताय आणि अटी तिथंच सोडताय. विशिष्ट जातीचा बॅक्टेरिया, तोही जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात, खेड्यात जिथं इन्फेक्शनचा धोका मोठा, वजन बरं असलेली आणि अंगावर पिणारी बाळं. तुमच्या दुकानातल्या ड्रॉपमध्ये तीच जात आहे का? कुठल्या बाटलीत बॅसिलस क्लॉसाय, कुठल्या पुडीत सॅकरोमायसिस बोलार्डी, जो बॅक्टेरियाच नाही, यीस्ट आहे. सगळ्यांना मिळून प्रोबायोटिक म्हणायचं म्हणजे सगळ्या गोळ्यांना "तापाची गोळी" म्हणण्यासारखं आहे. आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांबाबत तर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, स्वतः इशारा दिलाय, तिथं डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

नाशिकरोडचा बाबा
अँटिबायोटिकच्या कोर्सबरोबर दिलं तर जुलाब कमी होतात ह्याचे तर ढीगभर पुरावे आहेत. तेवढ्यासाठी मी देणार. कुणी काही म्हणा.

गंगापूररोडची आई
द्या की. मी निरोगी पोराचं बोलतेय, तुम्ही आजारी पोराचं बोलताय.

पंचवटीची आजी
नातीच्या फोनवरून लिहितेय. ड्रॉप नि पुड्या कशाला, आमच्याकडं बाळगुटी होती. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, बाळहिरडा, जायफळ, सहाणेवर एकेक वेढा, जास्त नाही, आईच्या दुधात उगाळून चाटवायची. चार लेकरं वाढवली.

प्रयोगशाळेतली
आजी रागावू नका, पण पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नको असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते, गुटीही त्यात आली. आणि बरेच जण गुटी मधातून देतात, वर्षाच्या आत मध तर अजिबातच नको, त्यात बोटुलिझम ह्या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात त्यांना अडवायला तेवढे बॅक्टेरिया अजून नसतात.

पंचवटीची आजी
मध मी कधी दिलाच नाही. आणि सहाण रोज उकळत्या पाण्यानं धुवायचे, तुमच्या बाटलीच्या बुचापेक्षा चकचकीत असायची.

पेठची अंगणवाडीताई
तुमचं ड्रॉप विरुद्ध माती हे भांडण गंगापूररोडचं आहे. आमच्या पाड्यावर माती हवी का नको हे कुणी विचारत नाही, ती आहेच. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाचं पाणी येतं, तेच गाळून पोरं पितात, एकामागून एक जुलाब, मग आतड्याला कायमची सूज राहते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. पोटात बॅक्टेरिया भरपूर आहेत की, चुकीचे! ढाक्याच्या मिरपूर वस्तीत कुपोषित लेकरांवर काम झालंय, त्यांच्या पोटातले बॅक्टेरिया वयाच्या मानानं मागं राहिलेले निघाले. त्यांना हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा आणि कच्च्या केळीचं खाणं दिलं, २०२१ मध्ये निकाल आला, नेहमीच्या पूरक आहारापेक्षा वजन चांगलं वाढलं. आता ह्यातलं काय महाग आहे सांगा? मी आयांना नागलीची पेज, त्यात मूगडाळ, वर शेंगदाण्याचं कूट असंच सांगते. पण आधी पाणी उकळा. पाणी खराब असेल तर तुमची अंगणातली माती काय नि बाटली काय.

निफाडचा बागाईतदार
ह्या ताईंचं बरोबर आहे. पाण्याचं कुणी बोललंच नव्हतं.

गंगापूररोडची आई
पाण्याबद्दल वाद नाही ताई. पण तुमच्या पाड्याचा धोका आणि आमच्या फ्लॅटचा धोका वेगळा आहे, तिकडं जंतू जास्त, इकडं अँटिबायोटिक जास्त. आमच्याकडं शिंक आली की कोर्स, दात येताना ताप आला की कोर्स. पहिल्या तीन वर्षांत पोटातलं सगळं बसत असताना दर दोन महिन्यांनी तिथं नांगर फिरवायचा, मग वरून ड्रॉप.

सातपूरचा मेडिकलवाला
काउंटरवरून सांगतो. लोक पोराला घरी ठेवून येतात, "मागच्या वेळचंच गुलाबी सिरप द्या, त्यानंच बरं वाटलं होतं." चिठ्ठी मागितली की चिडतात. सर्दी बहुतेक वेळा व्हायरसची असते, त्यावर ते अँटिबायोटिक सिरप काही करत नाही, हे सांगत बसलो की म्हणतात तुम्हाला विकायचंय का नाही. मी देत नाही, तर पलीकडच्या दुकानातून घेतात.

नाशिकरोडचा बाबा
आणि ड्रॉप? ते विकता ना चिठ्ठीशिवाय?

सातपूरचा मेडिकलवाला
विकतो की. त्याला चिठ्ठी लागत नाही. आणि सिरप न मिळाल्यामुळं चिडलेलं गिऱ्हाईक जाताना तेच घेऊन जातं.