रुग्णवाहिका दारात उभी असूनही रुग्णाला लगेच रुग्णालयात का नेत नाहीत?

उंबरठा (प्रश्नकर्ता):
दोन महिन्यांपूर्वी माझे थोरले काका बोलता बोलता खुर्चीवरून खाली कोसळले. चुलतभावाने लगेच फोन लावला आणि माझी नजर घड्याळावरच होती म्हणून नेमके सांगतो, अकराव्या मिनिटाला रुग्णवाहिका दारात आली. तिथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. परंतु वर आलेल्या तिघांनी काकांना उचलण्याऐवजी टेबल भिंतीकडे सरकवले, काकांना खोलीच्या मध्यभागी ओढून घेतले आणि तिथेच फरशीवर छाती दाबायला सुरुवात केली. हे सव्वीस मिनिटे चालले. रुग्णालय गाडीने सात-आठ मिनिटांवर, गाडी खाली उभी आणि आम्ही सगळे "अहो, आधी न्या ना" म्हणत दारात उभे. त्यांच्यातील ज्येष्ठ बाईंनी मान वर न करता एवढेच सांगितले, "इथे करतोय तेच तिथेही करतील." काका वाचले नाहीत. मला कोणावर ठपका ठेवायचा नाही, पण घरात हा विषय अजून मिटलेला नाही, म्हणून जाणकारांना विचारतो की ही पद्धत आहे की हलगर्जीपणा? आणि फोन घेणारी व्यक्ती आधी गाडी पाठवायची सोडून इतके प्रश्न का विचारत बसते?

रात्रपाळी:
आपल्या दुःखात सहभागी आहे. मी चौदा वर्षे रुग्णवाहिकेवर काम करतो आहे आणि दारातून येणारे ते वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आपला प्रश्न मला अजिबात रागाचा वाटत नाही.

आपल्या वर्णनावरून काकांचे हृदय बंद पडले होते असे दिसते. अशा वेळी मेंदूला मिळणारे रक्त हे दाबणाऱ्याच्या हातांतूनच मिळत असते. मिनिटाला 100 ते 120 वेळा, प्रौढ माणसाची छाती 5 ते 6 सेंटीमीटर खाली जाईल इतक्या जोराने दाब द्यावा लागतो, आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो, कारण दाबणाऱ्याला कळायच्या आत त्याचे दाब उथळ होऊ लागतात. हात थांबले की हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतील दाब काही सेकंदांत कोसळतो आणि तो पुन्हा वर चढायला बरेच दाब खर्ची पडतात. आता हेच काम जिन्याच्या वळणावर, स्ट्रेचर तिरके धरून करायचे म्हटले तर ते प्रत्यक्षात होतच नाही. आणि धावत्या गाडीत एका हाताने दांडी पकडून दिलेला दाब हा फरशीवर गुडघे टेकून दिलेल्या दाबाची बरोबरी करू शकत नाही. शिवाय शॉक देणारे यंत्र, अ‍ॅड्रेनालिन, मास्क आणि पिशवीने दिला जाणारा श्वास हे पहिल्या टप्प्यातील सर्व उपचार सुसज्ज गाडीत असतातच. त्या बाईंचे वाक्य कोरडे होते, पण खरे होते. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी जे पुढे आपल्या पायांनी घरी परततात, त्यांतील बहुतेकांचे हृदय जागेवरच पुन्हा सुरू झालेले असते.

ही कल्पना तशी जुनी नाही. 1960 च्या दशकात अमेरिकेतील अनेक गावांत अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारेच रुग्णवाहिकाही चालवत, कारण माणूस आडवा मावेल अशी गाडी त्यांच्याकडेच असे! उपचार रुग्णाकडे नेण्याचा विचार ठळकपणे पुढे आणला तो बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज या हृदयरोगतज्ज्ञाने, 1966 मध्ये. त्यांचे गाडीच्या बॅटरीवर चालणारे शॉकचे यंत्र सुमारे 70 किलो वजनाचे होते.

वाकडी वाट:
वरील उत्तर पटले, तरी त्यातून "थांबणे नेहमीच योग्य" असा अर्थ निघू नये. माझ्या ओळखीच्या एका अपघातग्रस्ताच्या बाबतीत रस्त्यावरच सलाईन लावण्याच्या खटपटीत बराच वेळ गेला आणि पोटातला रक्तस्राव मात्र चालूच राहिला. तो रस्त्यावर कोण थांबवणार होते? 1997 मध्ये पॅरिसमध्ये राजकन्या डायना यांच्या गाडीला अपघात झाला तेव्हाही घटनेपासून रुग्णालयाच्या दारापर्यंत दीड तासाहून अधिक वेळ गेला, कारण जागेवर डॉक्टरांनी उपचार करूनच हलवायचे ही तिथली रीत. त्या अन्यथा वाचल्या असत्या का, यावर आजही वाद आहे, पण प्रश्न विचारणे चूक नव्हते.

रात्रपाळी:
आपण म्हणता ते बरोबर आहे आणि मी ते आधीच लिहायला हवे होते. शरीराच्या आत रक्त वाहत असेल तर त्याचा इलाज शस्त्रक्रियागृहात आहे. तिथे आमचे काम बाहेरचा रक्तस्राव दाबून किंवा पट्टा आवळून थांबवणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे आणि निघणे एवढेच. जागेवर दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नये, असे आम्हाला शिकवतात. पक्षाघाताचेही तसेच आहे. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी मेंदूचे स्कॅन लागते, म्हणून आम्ही "रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला" ही वेळ कागदावर लिहितो आणि निघतो. बंद हृदयातही अपवाद आहेत: गरोदर स्त्री, थंडीने गारठलेला माणूस, काही विषबाधा. शिवाय ज्या गाडीत ऑक्सिजन आणि स्ट्रेचर यांखेरीज काहीच नाही, तिथे थांबण्याच्या बाजूने बोलायला फारसे काही उरत नाही.

हेडफोन:
आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकते, कारण मी आपत्कालीन फोन घेण्याचे काम केले आहे. पत्ता आणि "काय झाले" हे कळताच गाडी सुटते. बहुतेक केंद्रांत ती सोडणारी व्यक्ती वेगळी असते आणि ती आमच्या पडद्यावरचे वाचत असते. पुढचे प्रश्न गाडी रस्त्यात असतानाच चाललेले असतात. त्यांतील सर्वांत महत्त्वाचे दोन: शुद्ध आहे का, आणि श्वास नेहमीसारखा आहे का. "नेहमीसारखा" हा शब्द आम्ही मुद्दाम घालतो. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटे अनेकांना थांबून थांबून, घोरल्यासारखे गचके येतात. पाहणाऱ्याला तो श्वास वाटतो, आणि तो खरा श्वास नसतो. असे ऐकू आले की आम्ही फोन स्पीकरवर ठेवायला सांगतो आणि फोनवरूनच आकडे मोजत छाती दाबून घेतो, कारण मदतीविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सुमारे 7 ते 10 टक्क्यांनी घटते.

उंबरठा (प्रश्नकर्ता):
सर्वांचे आभार. सव्वीस मिनिटांचा उलगडा झाला, पण आता आधीची अकरा मिनिटे डोळ्यांसमोर आली आहेत. चुलतभाऊ फोनवर "हो, श्वास चालू आहे, घोरत आहेत" असेच सांगत होता. मी शेजारीच उभा होतो आणि मलाही तसेच वाटले. हे त्याला सांगावे का, कळत नाही.

हेडफोन:
त्याने जे ऐकले तेच सांगितले. "घोरत आहेत" या शब्दावर थबकून पुढचा प्रश्न विचारणे हे फोन घेणाऱ्याचे काम होते, त्याचे नव्हे. आणि प्रशिक्षण घेतलेली माणसेही या आवाजाला फसतात, मीही फसले आहे. त्याने स्वतःहून विचारले तर हे सांगा. तो कधीतरी विचारील असे मला वाटते.