‘अ‍ॅडव्हान्स केअर प्लॅनिंग’ला मराठीत काय म्हणावे?

समाजकार्याच्या प्रशिक्षणासाठी टिपण लिहिते आहे. विषय असा : पुढे आजारपणात स्वतः सांगता आले नाही, तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच बोलून ठरवणे. ‘आगाऊ काळजी नियोजन’ चालेल का? आणि ‘क्लायंट पार्टिसिपेशन’ला ‘लाभार्थी सहभाग’ म्हणावे का?

— ‘आगाऊ’ नको, माणसाला लावला की तो शब्द टोचतो. ‘काळजी’ ऐकताच चिंता आठवते. ‘उपचार-पूर्वनियोजन’ घ्या. ‘इच्छापत्र’ म्हटले की घरचे मालमत्तेवर जातात आणि ‘इच्छामरण’ तर वेगळाच विषय. १९६९ मध्ये अमेरिकी वकील लुईस कटनर यांनी ‘लिव्हिंग विल’ मांडले, तो स्वतः सांगता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे नोंदवणारा लेखी दस्तऐवज. नियोजनात त्याआधीची सगळी बोलणीही येतात.

— ‘उपचार-पूर्वनियोजन’ घाईत ‘उपचारपूर्व नियोजन’ असे वाचले जाते, म्हणजे शस्त्रक्रियेआधीची तयारी! ‘भावी उपचारांचे नियोजन’ लांब आहे, पण घोटाळा होत नाही. ‘क्लायंट’साठी ‘सेवार्थी’च. ‘अशील’ वकिलाचा, ‘ग्राहक’ दुकानाचा, आणि ‘लाभार्थी’ म्हणजे नुसता घेणारा. त्याला ठरवायचे काहीच उरत नाही.

— सेवार्थीला दुजोरा. ‘सहभाग’ मात्र जपून वापरा. शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिकांना निर्णयात किती वाटा मिळतो हे दाखवणारी आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात माहिती देणे तिसऱ्या पायरीवर, मत विचारणे चौथ्या आणि भागीदारी सहाव्या पायरीवर आहे. केसनोंदीत ‘समजावून सांगितले, सही घेतली’ एवढेच असेल, तर ती तिसरी पायरी झाली. ती संमती म्हणूनही अपुरी आहे.

प्रत्यक्षात सुरुवात ‘व्हेंटिलेटर हवा का?’ इथून करू नये. आधी विचारा, आजाराबद्दल किती जाणून घ्यायचे आहे? मग, कोणत्या अवस्थेत जगणे नकोसे वाटेल? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. ‘यंत्रावर ठेवू नका’ एवढेच लिहिले, तर ऐनवेळी डॉक्टर अडतात : बरे होण्याची शक्यता असताना दोन दिवसही नको, की आशा संपल्यावर नको? हे लिहून घेतानाच विचारावे.

‘प्रॉक्सी’ला, म्हणजे सेवार्थीला सांगता येत नसेल तेव्हा त्याच्या वतीने ठरवणाऱ्याला, ‘निर्णय-प्रतिनिधी’ म्हणा. ‘वारस’ अजिबात नको. प्रतिनिधी त्या बोलण्यात हजर हवा. २००६ च्या एका आढाव्यात रुग्णाला काय हवे याचे निकटवर्तीयांचे अंदाज सुमारे ६८ टक्केच बरोबर ठरले होते. मुलगा भरभर उत्तरे देऊ लागला, तर त्याला थांबवून सेवार्थीकडे वळावे, थोडा वेळ शांततेत गेला तरी चालेल.

लेखी प्रत प्रतिनिधी आणि डॉक्टर दोघांकडे हवी, कपाटात कुलूपबंद प्रतीचा उपयोग नाही. तब्येत बदलली किंवा प्रतिनिधी बदलला की पुन्हा बसायचे. त्यासाठी ‘नूतनीकरण’ म्हणू नका, ‘फेरविचार’ म्हणा. मत बदलायची मुभा आहे हे त्यातून कळते.