आईला कोलायटिस, बाळाच्या पोटाचं काय?

प्रश्न (धुळे): अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा), इन्फ्लिक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू, आठवा महिना. बाळाच्या आतड्यावर परिणाम होतो का? अंगावर पाजायचं ना?

उत्तर १: होतो. अशा आयांच्या बाळांच्या शीमध्ये पहिले काही महिने बायफिडोबॅक्टेरिया (आतड्यातले चांगले जिवाणू) कमी आढळतात. म्हणून तर अंगावरचंच पाजा. दुधातल्या खास साखरेवर हेच जिवाणू पोसतात. औषध दुधात नगण्य उतरतं. घुटी, मध अजिबात नको, सासूबाई काहीही म्हणोत.

उत्तर २: खरी गोम बीसीजीची, म्हणजे क्षयाच्या लसीची. औषध वारेतून बाळात जातं, कित्येक महिने राहतं. बीसीजी जिवंत लस (कमजोर केलेल्या जिवंत जंतूंची), दबलेल्या प्रतिकारशक्तीत ती धोक्याची, आणि आपल्याकडे जन्मताच टोचतात! किमान 6 महिने थांबायचं, फाइलवर लाल शाईत आत्ताच लिहून घ्या. पोलिओचे थेंब, रोटाव्हायरस याही जिवंतच, बालरोगतज्ज्ञांना आधी विचारा.

उत्तर ३: औषध मनाने बंद करू नका. दुखणं उसळलं तर बाळ अपुऱ्या दिवसांचं होण्याचा धोका वाढतो. जुलाब चालू असताना शेवभाजीचा रस्सा नको.