खंडपीठ म्हणजे जागा की जज्जांची संख्या?

येळ्ळूरवाला
मंडळी, एका शब्दावरून घरात वाद लागलाय. चुलत्यांच्या वाटणीच्या अपिलाचा निकाल धारवाडहून आला. निकाल इंग्रजीत. चुलत्यांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. इंग्रजीचं नावच नको. म्हणून मी वहीच्या दोन पानांत मराठी गोषवारा लिहून दिला. पहिलीच ओळ : "कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने…" चुलते तिथंच अडले. "दोन जज्ज होते म्हण की. मग वकील एकच सांगत होता, ते कसं?" त्यांच्या डोक्यात खंडपीठ म्हणजे दोन जज्ज. आणि हे दुसरं अपील, म्हणजे जिल्हा कोर्टातल्या अपिलाच्या निकालावर हायकोर्टात केलेलं, ते एकाच न्यायमूर्तींपुढं चाललेलं. मग "धारवाड खंडपीठाच्या एकलपीठाने" असं करून बघितलं, तर माझंच डोकं फिरलं. कन्नड पेपरवाले "धारवाड पीठ" लिहून मोकळे होतात. आपण काय लिहायचं?

निपाणीकर
खंडपीठच लिहा. नागपूर खंडपीठ, औरंगाबाद खंडपीठ, लहानपणापासून हेच वाचतोय. खंड म्हणजे तुकडा. मोठ्या कोर्टाचा एक तुकडा धारवाडला आणून ठेवलाय, एवढंच सांगा चुलत्यांना.

मराठीच्या बाई
पेपरात छापून आलं म्हणून शब्द शुद्ध होत नाही, निपाणीकर. एकलपीठ, खंडपीठ, पूर्णपीठ, घटनापीठ ही सगळी मोजदाद न्यायमूर्तींची आहे. एकलपीठात एक, खंडपीठात दोन, घटनापीठात किमान पाच. यात गावाचा संबंध कुठून आला? गावाच्या बेंचला न्यायपीठ म्हणावं, नाहीतर नुसतं पीठ. चुलत्यांचं बरोबर आहे.

खानापूरची
बाई, नुसतं पीठ मराठीत चालायचं नाही हो. "धारवाडच्या पिठाने निकाल दिला" असं वाचलं की मला गिरणी दिसते. ज्वारीचं की नाचण्याचं? कन्नडात दळलेल्याला हिट्टु म्हणतात, म्हणून त्यांचं पीठ मोकळं आहे. आपल्याला खंड, घटना, पूर्ण असं काहीतरी पुढं चिकटवल्याशिवाय त्याला कोर्टात उभं करता येत नाही. ही माझी व्युत्पत्ती. पुरावा मागू नये.

मराठीच्या बाई
पुरावा नाही मागत, शुद्धलेखन सांगते. आसन या अर्थाचा पीठ तत्सम आहे, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. त्याचं सामान्यरूप दीर्घच राहतं : पीठाने, पीठाचा. दळणाचं तेवढं पिठाने, पिठाचं. लिहिताना घोटाळा होतच नाही.

खानापूरची
आणि मी चुलत्यांना वाचून दाखवताना ऱ्हस्व-दीर्घ कसं दाखवू? बोटानं?

दिवाणीकाका
आयुष्य कोर्टात गेलं, म्हणून दोन शब्द. निवृत्त झालो तेव्हा माझं पद बेंच-क्लार्क. साहेब एकटेच, पण मी बेंच-क्लार्कच. बेंच म्हणजे बसायची जागा, किती जण बसलेत याच्याशी संबंध नाही. चिकोडीच्या अतिरिक्त जिल्हा न्यायालयाचे निकाल बघा, वर लिहिलेलं असतं "बेळगाव, सिटिंग अ‍ॅट चिकोडी". कोर्ट बेळगावचं, बसतं चिकोडीला. धारवाडचंही तेच : हायकोर्ट कर्नाटकाचं, बसतं धारवाडला.

याच बसण्यावरून सांगतो, सत्र न्यायालयातलं "सत्र" लोकांना शाळेच्या सहामाहीसारखं वाटतं. सेशन हा शब्द लॅटिनमधल्या बसण्याच्या धातूवरून आलाय, आणि आपलं सत्र संस्कृतातल्या सद् म्हणजे बसणे या धातूवरून. खूप दिवस चालणाऱ्या यज्ञाच्या बैठकीला सत्र म्हणत. ज्यानं कुणी सेशन्स कोर्टाला सत्र न्यायालय केलं, त्याला नमस्कार. जिल्हा न्यायाधीश एकच माणूस. दिवाणी अपील ऐकताना जिल्हा न्यायालय, खुनाचा खटला चालवताना सत्र न्यायालय. खुर्ची तीच.

निपाणीकर
काका, मग मुन्सफ कोर्टाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या दिवाणी कोर्टाचं काय? आमच्याकडं म्हातारी माणसं अजून मुन्सफच म्हणतात. हा शब्द म्हैसूरवाल्यांनी आपल्यावर लादला असं वडील म्हणायचे. मुंबई इलाख्यात सबजज्ज होते, राज्य बदललं आणि मुन्सफ आले.

दिवाणीकाका
अर्धं खरं. १९६४ च्या कर्नाटकाच्या दिवाणी न्यायालय कायद्यात जिल्हा न्यायाधीश, सिव्हिल जज्ज आणि खाली मुन्सफ अशी उतरंड होती. नंतर मुन्सफ गेले. आता सिव्हिल जज्ज आणि सीनियर सिव्हिल जज्ज. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर आणि वरिष्ठ स्तर म्हणतात, ते आणि हे एकच. पण मुन्सफ परका नव्हे. कंपनी सरकारच्या वेळेला आपल्याकडंही मुन्सफ होतेच. लोकहितवादी वाईला मुन्सफ होते. शब्द एकदा गेला आणि बेंगळूरला वळसा घालून परत आला.

खानापूरची
इन्साफ आणि मुन्सफ एकाच धातूचे ना? अरबीत निस्फ म्हणजे अर्धा. अर्धं-अर्धं वाटून देतो तो मुन्सफ. वाटणीच्या दाव्याला याहून चांगला शब्द नाही. आणि बाई, हा फारसी-अरबी भरणा काढून टाकला तर कोर्टात उरतं काय? दावा, फिर्याद, वकील, जामीन, कैफियत, दरखास्त, हुकूमनामा.

मराठीच्या बाई
काढून टाका असं मी कधी म्हटलं? रुळलेले शब्द माझेही आहेत. माझा आक्षेप एका शब्दाला दोन नोकऱ्या लावण्याला आहे.

पंचगंगाकाठ
कोल्हापुरातून लिहितोय. बाई, दोन नव्हे, तीन नोकऱ्या आहेत. आमच्याकडं खंडपीठ म्हणजे कायमचं कोर्ट. वकिलांनी वर्षानुवर्षं मागणी केली ती खंडपीठाची, ऑगस्ट २०२५ मध्ये मिळालं ते सर्किट बेंच, म्हणजे फिरतं, कायमचं नव्हे. सहा जिल्ह्यांचं काम इथं चालतंय, पेढे वाटून झाले, तरी चहाच्या टपरीवर माणूस म्हणतोच, "सर्किट मिळालं, खंडपीठ अजून व्हायचंय." इथं तुम्ही एकलपीठ-खंडपीठ मोजत बसला तर लोक हसतील.

येळ्ळूरवाला
हे कन्नडात बघा किती सरळ आहे. धारवाड २००८ ला सुरू झालं तेव्हा "संचारी पीठ", म्हणजे सर्किट बेंच. २०१३ ला कायम झालं, संचारी गळालं, पीठ राहिलं. दोन जज्ज असतील तर "विभागीय पीठ", एक असेल तर "एकसदस्य पीठ". कुठं गुंता नाही. आणि हे सगळे शब्द संस्कृतच आहेत की ओ, आपल्याला घ्यायला काय अडचण?

मराठीच्या बाई
विभागीय पीठ म्हटलं की मराठी माणसाला बेळगाव विभाग, पुणे विभाग असंच काहीतरी वाटणार. पुन्हा गावावरच आलात. संचारीला मात्र "फिरतं न्यायपीठ" चांगलं आहे.

पंचगंगाकाठ
फिरता दवाखाना असतो तसं? नको. सर्किट बेंचच बरं.

खानापूरची
आमच्या आज्जीच्या तोंडी "हायकोर्टात खेचीन" म्हणजे मुंबईत खेचीन. आजोबांचं अपील मुंबईला होतं. १९५६ नंतर वडिलांचं बेंगळूरला, पाचशे किलोमीटर, रात्रभर गाडीत कागदांची पिशवी उशाला घेऊन. आता भावाचं धारवाडला, सकाळी जाऊन जेवायला घरी. जमीन तीच, बांध तोच. आज्जीला कुणी खंडपीठ, संचारी काही सांगितलं नाही. तिचं हायकोर्ट शेवटपर्यंत मुंबईतच राहिलं.

निपाणीकर
राहणारच. आणि आपली सीमाप्रश्नाची याचिका दिल्लीत पडून आहे ती आहेच.

दिवाणीकाका
याचिका नव्हे हो, दावा. हे सगळे पेपर चुकवतात. महाराष्ट्रानं २००४ साली सुप्रीम कोर्टात दाखल केला तो राज्यघटनेच्या १३१ व्या कलमाखालचा मूळ दावा. दोन राज्यांचं भांडण खालच्या कोर्टात लावताच येत नाही. म्हणून जे कोर्ट एरवी सगळ्यांच्या शेवटी असतं, ते इथं पहिलं आहे. वादी महाराष्ट्र, प्रतिवादींत कर्नाटक. गावात बांधाचा दावा लावतात तसाच.

निपाणीकर
काका, याचिका म्हणा नाहीतर दावा, निकाल लागला की शब्द शोधू. मोर्च्यात "सीमाखटला" म्हणतो आम्ही.

दिवाणीकाका
खटला आरोपीवर असतो. आरोपी कोण ते सांगा.

मराठीच्या बाई
इथे राजकारण नको. येळ्ळूरवाल्यांचा प्रश्न बाजूलाच राहिला. मी पुन्हा सांगते : "उच्च न्यायालयाच्या धारवाड न्यायपीठाने". एवढं लिहा.

निपाणीकर
न्यायपीठ कोण बोलतं बेळगावात? एक माणूस दाखवा.

खानापूरची
एकलपीठ कोण बोलतं?

येळ्ळूरवाला
बाई, न्यायपीठ लिहून वही नेली होती. चुलत्यांनी चष्मा लावला, शाईच्या पेनानं ती ओळ खोडली आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं : "धारवाडला एका जज्जानी". खाली सही. त्यामुळं पहिलं पान सुटलं. दुसऱ्या पानावर आता "रिमांड" अडलाय. हायकोर्टानं जिल्हा कोर्टाचा निकाल रद्द करून अपील फेरसुनावणीला खाली परत धाडलंय. मी घाईत "रिमांड केलं" एवढंच लिहिलं होतं. चुलती कालपासून जेवली नाही, विचारालीय, आत कुणाला टाकणार?