शुल्कात ग्रंथालयही येतं
वर विचारलंय की शुल्क भरून वर्गाबाहेर विद्यापीठाकडून नक्की मिळतं काय. माझ्या मते आधी ग्रंथालय. बहुतेकजण तिथे परीक्षेपुरते अभ्यासिकेत बसतात, पण विद्यापीठ ज्या संशोधन नियतकालिकांची वर्गणी भरतं, ती विद्यार्थ्याच्या लॉगिनने बऱ्याच ठिकाणी खोलीत बसूनही वाचता येतात. हवं ते पुस्तक नसेल तर आंतरग्रंथालयीन देवघेवीतून दुसरीकडून मागवता येतं. त्याला वेळ लागतो, म्हणून प्रकल्पाचा विषय ठरला की लगेच विनंती नोंदवा. आणि ग्रंथपालांना विचारायला खरंच बिचकू नका, संदर्भ कसे शोधायचे हे दाखवणं त्यांच्या कामातच येतं. पदवीनंतर हे लॉगिन बहुधा बंद होतं. समुपदेशन केंद्रही आहेच. तिथे जायला परीक्षेच्या तोंडापर्यंत थांबू नका, तेव्हा गर्दी असते.